ओपनबीएसडीची बूट फ्लॉपी अर्ध्यातच अडकते

टकटक:
जुनं पेंटियम मशीन आहे. सीडीवरून बूट होत नाही, यूएसबी नाही, हार्ड डिस्कवर डॉस आहे. दुसऱ्या संगणकावर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टमच्या बूट फ्लॉपीची इमेज (फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत असलेली फाइल) डीडी कमांडने लिहिली, परत वाचून मूळ फाइलशी ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. पण पेंटियमवर बूट सुरू होतो, कर्नल (सिस्टमचा गाभा) निम्म्याहून जास्त वाचून होतो आणि मग नुसती खरखर. फ्लॉप्या बदलल्या, तेच. त्याच यूएसबी ड्राइव्हवर फाइलींनी गच्च भरलेली साधी डॉसची फ्लॉपी पेंटियमवर डॉसच्या डिस्ककॉपी कमांडला दिली, तर साइड १, ट्रॅक ६७ वर रडली. दुसरी ७१ वर. इमेज चुकीची उतरली असेल का?

चुंबक:
हेड साफ करा आधी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलक्या हाताने. वरचं हेड नाजूक स्प्रिंगवर असतं, ते उचलू नका.

खटपट्या:
इमेजला कशाला दोष देता, तुम्हीच ती ताडून पाहिलीत! ६७, ७१ हे आकडे बघा. ट्रॅक म्हणजे चकतीवरची वर्तुळं: ० सगळ्यात बाहेर, ७९ सगळ्यात आत. आतला घेर लहान, पण सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) तिथेही १८च, म्हणजे बिट दाटीवाटीने बसलेले. दोन ड्राइव्हच्या हेडांची रेघ जराशी जरी जुळत नसली, तरी पहिला फटका आतल्या ट्रॅकना बसतो. साफसफाई कराच, शिवाय हेड ज्या दांड्यावरून सरकतं त्यावरचं ग्रीस वाळलंय का तेही पाहा. पण माझा संशय जोडीवर आहे: एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं.

तेव्हा ज्या ड्राइव्हने वाचायचं त्यानेच लिहा. डॉस आहेच, रॉराइट वापरा, तो इमेज थेट फ्लॉपीवर लिहितो. त्याआधी त्याच ड्राइव्हवर पूर्ण फॉरमॅट मारा, क्विक नको. सेक्टरांचे पत्ते फॉरमॅटच्या वेळीच आखले जातात. नंतरचं लिहिणं त्या जुन्या आखणीतच बसतं.

अडचण एकच, इमेज पेंटियमवर न्यायची कशी. इमेज १४,७४,५६० बाइटची आणि डॉसच्या फ्लॉपीत फाइलींना जागा १४,५७,६६४. म्हणून तिचे दोन सारखे तुकडे करा, दोन रिकाम्या फ्लॉप्यांवर एकेक टाका आणि डॉसच्या हार्ड डिस्कवर कॉपी /बी कमांडने सांधा. अर्धा तुकडा साधारण चाळिसाव्या ट्रॅकच्या आसपास संपतो, तिथवर तुमचा ड्राइव्ह मुकाट वाचतोय.

नेटबूट:
एवढा उपद्व्याप कशाला? आयपीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट करणारा प्रोग्रॅम, फ्लॉपीवर टाका. तो छोटा, बाहेरच्या ट्रॅकमध्येच मावतो. पुढचं सगळं टीएफटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनवरून फाइली ओढून.

खटपट्या:
चालेल, नेटवर्क कार्ड त्याच्या ओळखीचं असेल तर. आणि टीएफटीपी सर्व्हर उभा करण्यापेक्षा दोन फ्लॉप्या मला परवडतात.

टकटक:
फॉरमॅट करून रॉराइटने लिहिली, इन्स्टॉलर आला! आता नेटवर्कवर गाडी अडली. कार्ड आयएसए (जुन्या स्लॉटचं), एनई२००० जातीचं. दिसतं, पण पॅकेट हलत नाही.

खटपट्या:
आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला हाक मारतं तो क्रमांक, जुळत नसेल. कार्डाच्या डॉस युटिलिटीत खरा आकडा बघा. मग बूट प्रॉम्प्टवर 'बूट -सी' द्या, कर्नलची सेटिंग बदलायची सोय उघडेल, तिथे 'चेंज' ने त्या एनई ड्रायव्हरचा आयआरक्यू तोच करा आणि 'क्विट'. बदल त्या बूटपुरताच टिकतो, तेव्हा आकडा लिहून ठेवा. इन्स्टॉलनंतर पहिल्या बूटला परत लागेल.