मदत हवी आहे: विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लेखन ऑनलाइन वाचून प्रश्न विचारावेत, परस्पर दुरुस्त करू नये, यासाठी काय करता येईल?

नमस्कार.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे लेखन सुधारावे म्हणून आम्ही तिसऱ्या वर्षातील काही मुलामुलींना ‘लेखनसोबती’ नेमले आहे आणि त्यांचे बरेचसे काम गूगल डॉक्सवर चालते. मुले उत्साहाने लिहितात, सोबतीही वेळ देतात. तरी ज्या हेतूने हा उपक्रम सुरू केला तो साधत नाही, असे मला स्पष्ट दिसते आहे. ज्यांनी असे काही राबवले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडची परिस्थिती थोडक्यात सांगते. यातील बरीच मुले सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली असतात; पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते आणि मराठी एक विषय म्हणून उरते. घरी बोलणे कोंकणीतून चालते. मराठीशी नाते मात्र तुटलेले नसते, कारण घरात मराठी वर्तमानपत्र येते, देवळात मराठी भजन होते आणि जत्रेला मराठी नाटक बसते. म्हणजे भाषा कानावर भरपूर पडते, पण स्वतःचा विचार पान-दीड पान सलग मराठीत मांडण्याची वेळ बारावीपर्यंत फारशी कोणावर आलेली नसते.

आता अडचण. एका विद्यार्थिनीने खाणबंदीवर निबंध लिहिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून उत्खनन थांबले, तेव्हा ती शाळेत होती आणि तिच्या वडिलांचा खनिजवाहतुकीचा ट्रक होता. एवढा अनुभव पदरी असताना तिने लिहिले, “खाणी बंद झाल्यामुळे गावातील लोकांवर वाईट परिणाम झाला.” तिच्या सोबत्याने सूचना देण्याच्या सोयीतून ते वाक्य बदलले: “खाणी बंद पडल्याने ग्रामस्थांच्या जीवनमानावर विपरीत परिणाम झाला.” तिने बरोबरच्या खुणेवर बोट ठेवले आणि बदल स्वीकारला. वाक्य भारदस्त झाले, पण त्यातून वाचकाच्या हाती अधिक काहीच लागले नाही.

पुढे तीच दोघे ग्रंथालयात समोरासमोर बसली असता सोबत्याने सहज विचारले, “पण तुमच्या घरी काय झालं?” दुसऱ्या दिवशी निबंधात नवा परिच्छेद आला. हप्ते थकल्यावर ट्रक विकावा लागला, वडील पणजीला एका हॉटेलची गाडी चालवायला जाऊ लागले आणि अंगणात ट्रक उभा राहत असे त्या जागेवर आईने मिरची लावली. फाइलमधील आधीच्या आवृत्त्या उघडून पाहिल्या की हा फरक फार ठळकपणे दिसतो, आणि माझ्या मते लेखन शिकणे म्हणतात ते हेच.

समोर बसल्यावर मुले प्रश्न विचारतात आणि पडद्यावर दुरुस्त्या करतात, असा हा प्रकार आहे. सगळे काम समोरासमोरच करा, असे कोणी सुचवील. परंतु शेजारच्या सत्तरी तालुक्यातील आतल्या गावांतून येणाऱ्या मुलांना बस गाठायची असते, दोन्ही वर्षांच्या तासिका जुळत नाहीत, आणि त्यामुळे ऑनलाइन कामाला आम्हाला पर्याय नाही. परवानगीच्या पातळीवर मी एक उपाय करून पाहिला. सोबत्यांना संपादनाऐवजी केवळ टिप्पणीचा अधिकार दिला, मात्र गूगल डॉक्समध्ये टिप्पणीचा अधिकार असलेल्या व्यक्तीला मजकुरात बदल सुचवताही येतात. साहजिकच पुन्हा तेच सुरू झाले.

शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनांबाबतही असाच अनुभव आहे. मराठी शब्दकोश जोडून लिब्रे ऑफिसमध्ये तपासणी केली तर ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका सापडतात आणि ते उपयोगाचेच आहे. मात्र ‘देवळाकडे लोक जमा जातात’ हे वाक्य ते साधन निमूट पुढे जाऊ देते, कारण त्यातील प्रत्येक शब्द कोशात आहे. मराठीत आपण ‘जमा होतात’ म्हणतो. सोबत्याच्या घरीही कोंकणीच बोलली जात असल्याने त्यालाही ते खटकत नाही. अशा जागी कोणी कोणाला सावध करायचे, हे मला उमगलेले नाही. मोठ्याने वाचण्याचा काहीसा उपयोग होतो, विशेषतः गावच्या नाटकात कामे करणाऱ्या मुलांना, कारण तालमीत बोलता बोलता अडखळणारे वाक्य त्यांना चटकन जाणवते.

चॅटजीपीटीसारख्या साधनांवर मी सरसकट बंदी घातलेली नाही. तरी मुलांनी त्यांना ‘हे नीट करून दे’ असे सांगितले की वरच्या ‘जीवनमानावर विपरीत परिणाम’ छापाचीच वाक्ये परत येतात आणि अंगणातली मिरची आधी गळते. ‘दुरुस्त करू नकोस, मला फक्त प्रश्न विचार’ अशी आज्ञा देऊन कोणी ही साधने वापरली असतील, तर मराठीत त्यांचे प्रश्न कितपत नेमके येतात हे जाणून घ्यायला आवडेल.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळा, म्हणजे विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणारे केंद्र, १९७६ मध्ये सुरू झाली आणि १९९४ पासून तिचे साहित्य ऑनलाइन उपलब्ध आहे. आधी हेतू, वाचक, मांडणी आणि तपशील पाहावेत, वाक्यरचना व शुद्धलेखन त्यानंतर, हा तेथील क्रम मला पूर्णपणे पटतो आणि सोबत्यांना मी तो समजावूनही दिला. मात्र तेथील उदाहरणे इंग्रजीतील आणि प्रामुख्याने विद्यापीठीय निबंधांची आहेत. मध्यवर्ती विधान पहिल्याच परिच्छेदात शोधा, हा सल्ला आमच्या ललित लेखनाला लावला की मुले चांगली सुरुवात मोडून टाकतात.

म्हणून माझे विचारणे असे आहे. सोबत्यांना प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी कोणी मराठीत नमुने तयार केले आहेत का, म्हणजे एखादा कच्चा परिच्छेद, त्यावरचे चांगले आणि निरुपयोगी शेरे, आणि त्यानंतरचे पुनर्लेखन? मजकुराला हात न लावता केवळ शेरे देता येतील असे, मोबाइलवर आणि मंद नेटवर्कवरही चालणारे एखादे मोफत साधन आहे का? लेखी शेऱ्याऐवजी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवून अभिप्राय देण्याचा प्रयोग कोणी केला असल्यास तोही सांगावा. बोलताना मुले आपोआप प्रश्नांकडे वळतील असा माझा अंदाज आहे. ‘जमा जातात’सारख्या जागांविषयी कोंकणी-मराठी दोन्ही भाषांत वावरणाऱ्या शिक्षकांचे मत मला विशेष मोलाचे वाटेल. मुलांच्या बोलीचा अवमान न होता ही गोष्ट त्यांच्या लक्षात आणून द्यायची आहे.

नवे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि त्याआधी सोबत्यांची दोन दिवसांची कार्यशाळा घेण्याचा विचार आहे. आपल्याकडे वर्गात वापरलेला एखादा तक्ता किंवा प्रश्नावली असेल आणि ती देण्यास हरकत नसेल, तर कृपया येथेच द्यावी, म्हणजे इतर शिक्षकांनाही ती वापरता येईल.