मदत हवी आहे: बहुलक दोनदा काढला, उत्तरं वेगळी आली

नमस्कार मंडळी. यवतमाळकडं खेड्यात राहतो. पोरगी दहावीला, गावात शिकवणी नाही, म्हणून संध्याकाळी मीच घेऊन बसतो. तिला समजावं म्हणून वावरातली वेचणीची वही काढली. परवाची कापसाची नऊ गाठोडी, किलोत: 18, 20, 20, 20, 22, 24, 25, 26, 50. (50 चं मायलेकींचं मिळून आहे.)

मध्य (सरासरी) 25, मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) 22, बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा) 20. मोठ्या गाठोड्यानं मध्य वर ओढला, हे तिनंच ओळखलं! पण गाईडात बहुलक = 3 × मध्यक − 2 × मध्य असं आहे. त्यानं 16 येतं, आणि 16 किलोचं गाठोडं एकही नाही.

हे सूत्र नेमकं कुठं लावायचं? पोरीला चुकीचं सांगायचं नाही मला. कोणी शिक्षक असतील तर सोपं करून सांगा.