मदत हवी आहे: बाबांचा हार्टचा हॉर्मोन कमी, आईचा जास्त. काळजी नक्की कोणाची करू?

नमस्कार लोकहो,

आरोग्याच्या विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालं असं की आई (७३) आणि बाबा (७६) दोघांचं चेकअप केलं, त्यात एनटी-प्रोबीएनपी नावाची हृदयाच्या हॉर्मोनशी संबंधित रक्ताची टेस्ट होती, आम्ही मागितली नव्हती, पॅकेजमध्येच आली. बाबांचा आकडा ४८ आणि आईचा २९०, रिपोर्टवर छापलंय १२५ च्या आत नॉर्मल. झालं! आईच्या आकड्यापुढे लाल बाण, तेव्हापासून ती अर्ध्या तासाला स्वतःची नाडी बघतेय, आणि बाबांनी रिपोर्ट फ्रिजवर चिकटवून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला सुरुवात केलीय की बघा, माझं हार्ट पंचविशीतलं आहे.

आता गंमत बघा. बाबांना १५ वर्षं डायबेटिस, बीपीची गोळी, ट्रायग्लिसराइड कायम वर, पोटाचा घेर ११२ सेंमी. आई म्हणजे नुसती काडी, शुगर कधी हलली नाही, रोज तासभर चालते. मग हार्ट चांगलं कोणाचं म्हणायचं?

रात्री वाचत बसले. हृदय नुसता पंप नाही, हॉर्मोनपण सोडतं हे मला या वयात कळलं. १९८१ मध्ये कॅनडात आदोल्फो द बोल्ड यांच्या टीमने हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क उंदरांना टोचला तर लघवीवाटे मीठ आणि पाणी भराभर बाहेर पडायला लागलं, तो एएनपी. त्याचा भाऊ बीएनपी १९८८ मध्ये जपानात डुकराच्या मेंदूत सापडला म्हणून नावात 'ब्रेन' चिकटलं ते चिकटलंच, बनतो मुख्यतः हृदयातच. हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की हे सुटतात, इथपर्यंत ठीक. पण पुढे लिहिलं होतं की हेच हॉर्मोन चरबीच्या पेशींना साठवलेली चरबी सोडायला लावतात, आणि लठ्ठ किंवा इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) असलेल्या लोकांत ते कमी सापडतात. म्हणजे बाबांचे ४८ हार्ट चांगलं आहे म्हणून की पोट सुटलंय म्हणून??

अजून एक. बाबा हल्ली पहिल्या मजल्यावर येतानासुद्धा जिन्याच्या वळणावर थांबतात आणि खिशात किल्ल्या शोधल्यासारखं करतात. किल्ल्या हातातच असतात.

जाणकारांनी प्लीज सांगा, आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आईंना सांगा घाबरू नका, हा आकडा वयाबरोबर वाढतोच आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्तच असतो. माझ्या सासूबाईंचा पण असाच आला होता, इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल निघाला. बाबांचं माहीत नाही बुवा.

प्रतिसाद २

ताई, प्रश्न अगदी बरोबर पकडलाय. मी फिजिशियन आहे, पण पेशंट न बघता लिहितोय हे लक्षात ठेवा.

आधी टेस्ट काय मोजते ते. हृदयात १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनते, ती तुटून ३२ चा बीएनपी होतो, तो काम करतो, आणि ७६ चा तुकडा उरतो तो एनटी-प्रोबीएनपी, तो काहीच करत नाही. चेक फाडल्यावर बुकात जो तुकडा राहतो ना, तसा. आपण तो बघून चेक केवढ्याचा होता ते ठरवतो.

आई: १२५ ही सरसकट ओढलेली रेषा आहे. धाप लागून इमर्जन्सीत आलेल्या पेशंटमध्ये हार्ट फेल्युअर (हृदय शरीराला पुरेसं पडत नाही ती अवस्था) धरायला आम्ही पन्नाशीच्या आत ४५०, ५० ते ७५ ला ९०० आणि त्यापुढे १८०० असे आकडे वापरतो. ते घरी चालत्याफिरत्या माणसाला लावायचे नाहीत, वयाने किती फरक पडतो ते कळावं म्हणून लिहिले. मात्र २९० सोडूनही देऊ नका. किडनी मंदावली की हा तुकडा रक्तात साचतो म्हणून क्रिएटिनिन बघा, आणि ईसीजी काढा, कारण एट्रियल फिब्रिलेशनमध्येही (हृदयाचे ठोके अनियमित पडतात तो आजार) तो चढतो.

आता बाबा, मला खरी काळजी इथे वाटते. चरबीच्या पेशींवर बीएनपी ओढून संपवणारे रिसेप्टर (हॉर्मोन पकडणाऱ्या जागा) असतात हे खरं, पण एनटी-प्रोबीएनपी त्या वाटेने जातच नाही आणि लठ्ठ माणसात तोही कमीच दिसतो, म्हणजे मुळात बनतच कमी असणार. शिवाय ज्यांच्या जनुकांमुळे बीएनपी जन्मभर थोडा जास्त असतो त्यांच्यात टाइप २ डायबेटिस कमी दिसलाय, त्यामुळे हॉर्मोन कमी असणं हा नुसता लठ्ठपणाचा परिणाम नसून डायबेटिसच्या कारणांतही त्याचा वाटा असावा असा संशय आहे. म्हातारपणी घोळ वाढतो: थकलेलं हृदय आणि मंद किडनी आकडा वर ढकलणार, पोट तो खाली ओढणार, रिपोर्टवर दिसणार फक्त बेरीज.

आणि हार्ट फेल्युअरचा एक प्रकार असा आहे की पंपाचा जोर शाबूत पण हृदय नीट सैल पडत नाही. लठ्ठ, डायबेटिस-बीपीवाल्या वयस्कर पेशंटमध्ये हाच जास्त, आणि त्यात हा आकडा नॉर्मलही येऊ शकतो. जिन्यातल्या किल्ल्या मला आवडल्या नाहीत. इको कराच. आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून उशा वाढल्यात का, संध्याकाळी पाय सुजतात का, तेही बघा.

प्रतिसाद ३

हॉर्मोन वाढवायचं काही सप्लिमेंट मिळतं का? चरबी पण जाईल, शुगर पण

प्रतिसाद २

@प्रतिसाद ३, नाही हो, आणि असं कोणी विकत असेल तर लांब राहा. वजन उतरलं की पातळी थोडी आपोआप वर येते. उलट केसांसाठी घेतात त्या बायोटिनच्या मोठ्या डोसने ही टेस्ट काही मशीनवर चुकते, घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगत जा.

प्रतिसाद ४

आमचा अनुभव. वडिलांना सॅक्युबिट्रिल-वॉल्सार्टन ही हार्ट फेल्युअरची गोळी सुरू केल्यावर बीएनपी वाढला, आम्ही हादरलो. मग कळलं की ती गोळी बीएनपी तोडणारं एन्झाइमच अडवते म्हणून तो वाढलेला दिसतो, या गोळीवर असताना एनटी-प्रोबीएनपी बघायचा. त्या गोळीच्या मोठ्या ट्रायलमध्ये डायबेटिसवाल्यांचं एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) दुसऱ्या गोळीपेक्षा जरा जास्त उतरलं होतं असंही डॉक्टरांनी सांगितलं. अर्थात गोळी हार्टची आहे, शुगरची नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. आईचं क्रिएटिनिन नॉर्मल आहे, त्याच रिपोर्टच्या पान ४ वर होतं, मीच बघितलं नव्हतं. तिचा ईसीजी उद्या.

बाबांना जिन्याचं विचारलं. म्हणे, किल्ल्या शोधत होतो. मी म्हटलं काल किल्ल्या माझ्याकडे होत्या. यावर गप्प बसले, मग म्हणाले दोन महिने झाले असतील. आणि उशी पण एकाची दोन झालीय, आईने सांगितलं. सोमवारी इको आहे, फ्रिजवरचा कागद काढून फाइलमध्ये लावलाय. रिपोर्ट आला की इथेच लिहिते.