बी-४०२ चं डिझेल जातं कुठे?

इंदूरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरून

शुक्रवार

बी-४०२: नमस्कार. कुणावर आरोप करायचा नाही, पण आता राहवत नाही. दिवाळीपर्यंत माझी गाडी लिटरला ११ द्यायची. आज टाकी फुल ते टाकी फुल हिशेब केला, ७.२ आला. बेसमेंटचा कॅमेरा पावसाळ्यापासून बंद आहे. रात्री खाली कोण असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

सचिव: कॅमेऱ्याचं कोटेशन मी तीनदा टाकलं. मंजुरी कुणीच कळवली नाही. आपणही नाही.

ए-३०४: हे सगळं इथेनॉलचं आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जाच एक तृतीयांश कमी.

बी-४०२: काका, माझी डिझेल आहे.

बी-२०३: भिया, हत्ती पाळलाय तर ऊस लागणारच 😄

बी-४०२: प्रश्न पैशाचा नाही. चोरीचा आहे.

डी-५०१: एबी रोडवर बीआरटीएसची (बसच्या वेगळ्या मार्गाची) तोडफोड सुरू झाल्यापासून सगळ्यांचंच ॲव्हरेज पडलंय. आणि विषय निघालाच आहे तर, तुमचं मागचं चाक रोज माझ्या पार्किंगच्या पट्ट्यात असतं. माझं दार अर्धंच उघडतं.

बी-४०२: पट्टे आखले तेव्हा एवढ्या रुंद गाड्या नव्हत्या, त्याला मी काय करू?

ए-१०१ काकू: चोरीचं नंतर बघा. सकाळी सातला मुलांची वाट बघत पंधरा-पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवता, अगदी माझ्या देवघराच्या खिडकीखाली. परवा तर बंद करून वर गेलात तरी पंखा घरघरत होता आणि जळकट वास. मागच्या महिन्यातही लिहिलं होतं. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

बी-४०२: क्षमा असावी काकू, पण तो विषय वेगळा.

सी-२०१: वेगळा नाही, तोच आहे. पीथमपूरला डिझेल इंजिनांवर ३१ वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. गाडी बंद केल्यावर पंखा आणि जळका वास, म्हणजे डीपीएफची, धुराच्या फिल्टरची, साफसफाई अर्धवट तुटली. धुरातली काजळी त्या फिल्टरमध्ये साठते. ती जाळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळा रस्ता मिळाला तर काम पुरं होतं. आपली गाडी रोज जाते कुठे?

बी-४०२: शाळा अडीच किमी. तिथून दुकान. संध्याकाळी कधी छप्पन दुकानला खायला. आधी आठवड्याला उज्जैनची एक चक्कर असायची, ते काम दिवाळीत संपलं.

सी-२०१: ११ त्या उज्जैनच्या रस्त्यावर मिळत होते. आता रोज थंड इंजिन, रोज अर्धवट जाळणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. वर पंधरा मिनिटं उभ्या गाडीत एसी.

ए-३०४: इथेनॉलचा मुद्दा कुणी वाचला का? २० टक्के मिसळतात.

सी-२०१: वाचला. तुमच्या पेट्रोल गाडीपुरतं बरोबर आहे. आता दुसरं. टाकीचं झाकण गाडीबरोबर लॉक होतं. त्यावर ओरखडा आहे? नसेल तर पहिला मेसेज मागे घ्या.

बी-४०२: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

सी-२०१: रात्री खाली एकच माणूस असतो, चौकीदार. दोन मुली शिकवतोय तो या पगारावर.

सचिव: कृपया शांतता राखावी 🙏

रविवार

सी-२०१: सकाळी गाडी पाहिली. झाकणावर काही नाही. चारही चाकांत ३० हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची पाटी मागच्यांना ३९ सांगते. पंपावरचा मुलगा विचारेल त्याला ३० भरतो. मग स्कॅनर लावून बायपासला गेलो. वीस मिनिटं पळवूनही कूलंट ७० अंशांच्या वर चढेना, ९० च्या आसपास हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप, उघडाच अडकलाय. इंजिन तापत नाही, म्हणून डिझेलही जादा आणि काजळीही जळत नाही. ऑइलची पातळी कमाल खुणेच्याही वर.

बी-२०३: ऑइल वाढलं? मग फायदाच की 😄

सी-२०१: फायदा कसला. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेअरिंगं खातात. असंच चालवत राहिले असते तर इंजिन गेलं असतं. थर्मोस्टॅट आणि ऑइल याच आठवड्यात बदला.

ए-३०४: इथेनॉल हेच मूळ कारण. पुन्हा पाठवतो.

डी-५०१: आणि माझा पट्टा?

तीन आठवड्यांनी

बी-४०२: थर्मोस्टॅट, ऑइल, फिल्टर बदलले. हवा पाटीप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना. रविवारी देवासपर्यंत एका दमात जाऊन येतो. टाकी ते टाकी ९.८. शहरात एवढंच मिळेल असं सी-२०१ चे काका म्हणाले. काल रात्री खाली जाऊन चौकीदाराची माफी मागितली. ग्रुपवर लिहिलं होतं, म्हणून इथेही मागतो. माझी चूक झाली.

सी-२०१: 🙏

सचिव: कॅमेऱ्याचं कोटेशन चौथ्यांदा टाकत आहे.

बी-४०२: मंजूर.

ए-१०१ काकू: पंखा आता वाजत नाही, पण सकाळी सातची गाडी आजही चालूच होती.

बी-४०२: उद्यापासून गेटबाहेर थांबतो काकू.

ए-१०१ काकू: गेटबाहेर नको. बंद करा.