मदत हवी आहे: जनरेटरची ट्रॉली मागे घेताना कॅमेऱ्यानं कोन कसा मोजायचा?

सुरसागरकाठी

नमस्कार मंडळी. बडोद्यात आमचा मांडव आणि जनरेटर भाड्यानं देण्याचा धंदा आहे. धंदा दादा बघतो, मी नोकरी सांभाळून त्याच्या वायरी जोडतो. नवरात्र तोंडावर आलंय. बडोद्याचं नवरात्र काय असतं ते इथल्या लोकांना सांगायला नको, नऊ रात्री आमचा एकही जनरेटर घरी नसतो.

अडचण ट्रॉलीची आहे. २५ केव्हीएचा जनरेटर दोनचाकी ट्रॉलीवर, पेटीसकट जवळजवळ टनभर वजन, पिकअपला पिननं जोडलेला. पुढे जाताना शेळीसारखी मागून येते. रिव्हर्स टाकला की मात्र अंगात येतं. एकदा वळायला लागली की वळतच जाते, दुमडते आणि दांडी थेट बंपरला भिडते. गेल्या महिन्यात रावपुऱ्यातल्या एका पोळमध्ये (जुन्या वस्तीतली अरुंद गल्ली) टेललॅम्प फुटला आणि एका काकूंची तुळशीची कुंडी गेली. टेललॅम्प स्वस्तात सुटला, तुळस नाही. मागे उभा असलेला आमचा पोरगा 'आववा दो, आववा दो' (येऊ द्या, येऊ द्या) करत राहतो आणि आवाज झाला की मग 'बस, बस!'

फोर्डनं २०१६ च्या एफ-१५० पिकअपमध्ये यावर तोड काढली होती. दांडीवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा स्टिकर लावायचा, मागचा कॅमेरा तो पाहून कोन काढतो, ड्रायव्हर फक्त एक नॉब फिरवतो आणि स्टिअरिंग गाडी सांभाळते. मला एवढं नको. ड्रायव्हरकाकांसमोर एक आकडा दिसावा आणि ट्रॉली हाताबाहेर जायच्या आधी बझर वाजावा, बस.

आतापर्यंत नंबरप्लेटवरच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर घेतलं, दांडीवर आरुको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणारा काळापांढरा चौकोनी छाप) चिकटवला. ओपनसीव्ही या चित्र ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला मार्कर सापडतो, पण कोन चुकतो. अंगणात खडूनं आखून ट्रॉली २० अंशांवर उभी केली, स्क्रीन म्हणते २७-२८. गणितात चूक कुठे आहे? आणि बझर किती अंशांवर लावू?

गॅरेजगणित

कॅमेरा खाली किती झुकलेला आहे? आणि तीन मापं द्या: पिकअपचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), मागच्या अॅक्सलपासून पिनपर्यंतचं अंतर, पिनपासून ट्रॉलीच्या अॅक्सलपर्यंतचं अंतर. टेप लावून, अंदाजे नको.

सुरसागरकाठी

झुकाव साधारण ४५ अंश. व्हीलबेस ३.१ मीटर, पिन अॅक्सलच्या मागे १.१ मीटर, ट्रॉली २ मीटर. मार्करच्या चित्रातल्या कडेचा तिरपेपणा मोजतोय.

गॅरेजगणित

मग उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. चित्रातला तिरपेपणा म्हणजे जमिनीवरचा कोन नव्हे. तिरक्या नजरेनं पाहिलं की गाडीपासून लांब जाणारी रेघ आखूड दिसते, आडवी तेवढीच राहते, म्हणून कोन फुगतो. २० चा टॅन ०.३६४, त्याला ४५ च्या साइननं भागा, ०.५१५ येतो, म्हणजे २७ अंश. तुमची स्क्रीन खोटं बोलत नाहीये, वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतेय. वर रुंद भिंगाची वक्रता आहे ती वेगळी.

दोन वाटा आहेत. बुद्धिबळाच्या पटासारखा छापील कागद वेगवेगळ्या कोनांत धरून आधी भिंगाचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे त्याची वक्रता मोजून घ्या, मग मार्करच्या चारही कोपऱ्यांवरून तो अवकाशात कसा उभा आहे ते काढा. किंवा मला आवडणारी सोपी वाट: वेगळा स्वस्त कॅमेरा पिनच्या डोक्यावर, सरळ खाली बघत लावा. मग मार्कर चित्रात नुसता फिरतो, बाकी काही नाही. शून्य मात्र अंगणात ठरवू नका. सरळ रस्त्यावर ५०-६० मीटर पुढे चालवा, ट्रॉली आपोआप रांगेत येते, शेवटच्या काही सेकंदांची सरासरी म्हणजे तुमचं शून्य.

आता बझर. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक ३५ अंश धरलं तर मागचं अॅक्सल ४.४३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतं. पिन जर अॅक्सलवरच असती तर ट्रॉली २७ अंशांपर्यंतच आवरता आली असती. तुमची पिन १.१ मीटर मागे आहे म्हणून ही हद्द ४० पर्यंत जाते. ४० पार केले की स्टिअरिंग कुठेही फिरवा, मागे जाताना ट्रॉली सरळ होणार नाही, पुढेच घ्यावी लागेल.

पण बझर ४० वर लावू नका. ३ किमी वेगानं मागे येताना, कोन ३० असेल आणि चाकं सरळ असतील, तरी तो सेकंदाला १२ अंशांनी वाढत असतो. रास्पबेरी पाय आणि स्क्रीन मिळून पाव-अर्धा सेकंद खातात, काकांचा पाय ब्रेकवर जायला आणखी एक. १५ ला पिवळा, २० ला बझर.

पादऱ्याचा_ट्रॅक्टरवाला

इतकं गणित वाचून माझीच ट्रॉली दुमडली. आम्ही पोरांना एकच शिकवतो: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. ट्रॉलीचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा. आणि वळायला लागली की लगेच परत. बाकी, कॅमेऱ्याऐवजी पिनवर चुंबक आणि समोर चुंबक किती फिरला ते मोजणारा एएस५६०० सेन्सर बसवा. चिखलानं आंधळा होत नाही.

सुरसागरकाठी

@ट्रॅक्टरवाला, हाताची युक्ती काकांना सांगितली, त्यांनी 'मला तीस वर्षांनी शिकवतोस?' अशा नजरेनं पाहिलं. काल मी स्वतः करून बघितली, खरंच चालते. चुंबकाचाही विचार केला, पण आमची पिन भोकात दोन्हीकडे सैल खेळते, चुंबक मध्यावर राहणारच नाही. आधी पिनला बुश (सैलपणा घालवणारी धातूची नळी) बसवावा लागेल.

@गॅरेजगणित, कॅमेरा पाठीमागच्या फाळक्यावर अँगल वेल्ड करून खाली तोंड करून लावला. खडूचे २० आता १९ आणि २१ मध्ये येतात. दिवसा उत्तम. रात्री पंचाईत झाली: मार्कर धूळ-पाण्यापासून वाचावा म्हणून लॅमिनेट केला होता, रिव्हर्स दिवा त्यावर पडला की नुसता पांढरा डाग. आमचं निम्मं काम तर रात्रीच असतं, गरबा सुटल्यावर. मॅट विनाइलवर छापून घेतो. शिवाय कॅमेऱ्याशेजारी, पण चमक सरळ परत येणार नाही अशी बाजूनं लावायची छोटी एलईडी पट्टी कुणी वापरली आहे का? १२ व्होल्टवर थेट चालते की पिकअप सुरू होताना बॅटरीचा झटका बसून जाते? पहिली ऑर्डर पुढच्या आठवड्यात आहे, आणि पोळ तीच.