ब्रेक पॅड आणि डिस्क कधी बदललेत? अनुभव सांगा

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी फोन येतो, "साहेब, पॅड संपलेत, डिस्कपण बदलून टाकू." खरंच संपलेत की बिल फुगवताहेत, हे तुम्ही कसं ओळखता? नुसते किलोमीटर सांगू नका. घाटात रोज उतरणाऱ्याचं आणि हायवेवाल्याचं गणित कधीच जुळणार नाही.

घाटमाथा: कुंभार्ली घाट नेहमीचाच. चिपळूणकडे उतरताना ब्रेकवर चिरका आवाज यायला लागला. बऱ्याच पॅडना पत्र्याची जीभ असते. मसाला (पॅडवरचा घासणारा थर) दोन-तीन मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागून ओरडते. तेव्हा थोडी सवड असते. पुढे खर्रखर्र सुरू झाली, तर मसाला संपून लोखंडावर लोखंड घासतंय. मग डिस्कही गेलीच समजा.

गुहागरकर: पावसात चार दिवस उभ्या गाडीची डिस्क तांबूस होते, सकाळी खरखरते. दोन-चार ब्रेकांत जातं ते. तेवढ्यासाठी कुणी डिस्क बदला म्हणालं तर सरळ दुसरं गॅरेज बघा.

पाना-पक्कड: गॅरेज माझंच, म्हणून जरा लांबण लावतो. बाहेरचा पॅड चाकाच्या फटीतून दिसतो आणि गिऱ्हाईक तेवढाच बघतं. आतला दाखवा म्हणायचं. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम असल्या की आतला पार जातो, बाहेरचा मात्र अर्धा शिल्लक. पिना साफ न करता नुसते पॅड टाकले तर परत तेच. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजताना मायक्रोमीटर लावायचा, तोही चार-पाच जागी; झिजलेल्या डिस्कच्या काठाला कड येते, व्हर्नियर त्या कडेवर बसला की जाडी जास्त दाखवतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतंय? बहुतेक वेळा जाडी एकसारखी राहिलेली नसते. लेथवर घासून मिळते, पण घासल्यावरही किमान जाडीच्या वर राहणार असेल तरच. आणि पॅड-डिस्क दोन्ही चाकांचे बदला, नाहीतर गाडी एकीकडे ओढते.

ब्रेक ऑइल खाली गेलं म्हणून लगेच भरू नका. पॅड झिजले की पातळी उतरतेच. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे गेला की वर भरलेलं ऑइल सांडतं आणि रंग खातं.

श्टुटगार्टवासी: इकडे जर्मनीत दर दोन वर्षांनी ट्युफची, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेची, तपासणी. माझी गाडी इलेक्ट्रिक. वेग मोटरच कमी करते, त्यामुळे पॅड जवळजवळ कोरे. पण मागच्या डिस्क गंजल्या म्हणून बदलायला लावल्या! हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात ब्रेक वापरात नाही. आता मुद्दाम अधूनमधून जोरात ब्रेक मारतो, मागे कुणी नसेल तेव्हा.

गुहागरकर: पाना-पक्कड, आमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. त्याचं काय?

पाना-पक्कड: ड्रम काढूनच लायनर (आतले घासणारे पट्टे) बघायचे, बाहेरून अंदाज येत नाही. हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागत असेल तर आधीच उघडून घ्या. कधी केबल सैल निघते, कधी लायनर संपलेले.