आखाजीच्या कार्यक्रमातील सत्काराबाबत

सचिव: सर्व सभासदांना सविनय नमस्कार. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) कार्यक्रमात आपल्या भागातील आरोग्यसेविका व आशाताई यांचा बालकांच्या लसीकरणातील कामाबद्दल सत्कार करावा, असा कार्यकारिणीचा विचार आहे. ज्यांच्या यादीतील बालकांच्या लसीकरणाची टक्केवारी सर्वाधिक असेल त्यांची निवड करावी, असे प्राथमिक मत पडले. आपले अभिप्राय कळवावेत.

ब-304: हेतू चांगला आहे, परंतु जे काम त्यांना नेमूनच दिले आहे, त्यासाठी सत्कार कशाला?

अ-203, माई: भाऊ, आरोग्यसेविकेला पगार मिळतो हे खरे, आशाताईंना मात्र पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. बालकाच्या पहिल्या वर्षाच्या सर्व लसी पूर्ण झाल्या तर केंद्र सरकारच्या दराने 100 रुपये, दुसऱ्या वर्षाच्या झाल्या तर 75 रुपये. त्या एका बालकामागे किती खेपा होतात, ते मी नोकरीभर पाहिले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये देशातील सर्व आशांचा गौरव केला, तो उगीच नव्हे.

माझा आक्षेप टक्केवारीला आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे आरोग्यसेविका असताना दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीसाठी गुजरातेत जात. सहाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस) घेतलेले बाळ दहाव्या आठवड्याच्या डोसाला गावात नसे. अशा बाळाचे नाव यादीतून गाळले की टक्केवारी आपोआप वाढते. आणि जी सेविका वीटभट्टीवर फिरून, एकही लस न मिळालेली चार मुले शोधून यादीत लिहिते, तिची टक्केवारी त्या महिन्यात घसरते. आपल्या नियमाने सत्काराची शाल नाव गाळणारीला जाईल.

क-101, डॉक्टर: माईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून एवढेच सुचवतो की, पहिली पेंटाव्हॅलेंट घेतलेल्या बालकांपैकी किती जण गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसापर्यंत टिकले, हे पाहावे. तो डोस 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान असतो, आणि तोवर बाळ धावू लागलेले असल्याने पालकांना कार्डाची आठवण राहत नाही. गोवर रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळणे आवश्यक आहे. 2022 अखेरीस शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली होती, ते आपण विसरलो नसू. देशात पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 62 टक्के होते, पाचव्या फेरीत ते 76.4 झाले. उरलेली मुले बहुधा स्थलांतरितांची किंवा नकार देणाऱ्या घरांतली असतात, म्हणून इथून पुढचा प्रत्येक टक्का आधीच्यापेक्षा जड जाणार.

ब-304: माझा प्रश्न मागे घेतो. मात्र निवड करण्याइतकी माहिती आपल्याला कोण देणार?

अ-203, माई: भाऊ, निवड करूच नका. आरोग्य केंद्रावरील सर्वांना बोलवा, आणि लसींचा डबा शीतसाखळी केंद्रातून (जिथे लसी थंड ठेवतात) लसीकरण सत्राच्या जागी पोहोचवणाऱ्या माणसालाही बोलवा. त्याचे नाव कोणत्याच सत्कारात येत नाही. जळगावच्या चैत्र-वैशाखात लस 2 ते 8 अंशांत ठेवणे म्हणजे केवळ भरपूर बर्फ भरणे नव्हे. बर्फाचा पॅक थोडा वितळू न देताच डब्यात ठेवला तर पेंटाव्हॅलेंट गोठून निकामी होते, हे ज्याला कळते त्याच्या हातून लस वाया जात नाही. आणि शाल नको, या उन्हात तिचे करायचे काय? चांगली छत्री आणि पाण्याची थर्मास बाटली द्या.

सचिव: मान्य. टक्केवारीची अट काढून सुधारित ठराव रविवारी मांडतो.

अ-203, माई: आणखी एक. समोरच्या बांधकामावर मजुरांची दोन लहान मुले दिसतात, त्यांच्या आईकडे लसीकरणाचे कार्ड नाही. बुधवारी अंगणवाडीत सत्र आहे. मी त्यांना घेऊन जाते. भाषेसाठी कोणी पावरी (सातपुड्यातील आदिवासी बोली) जाणणारे सोबत आले तर बरे होईल.

ड-402: माई, मी येते. साडेनऊला गेटवर थांबते.